आजेसासऱ्याला लावलेला हिंगूळ

मी सतरा वर्षांची होते आणि मला भ्यायला काहीही पुरायचं. विहिरीत डोकावलं की भीती, सासरे खोकले की भीती, टिटवी ओरडली की भीती. पोस्टमनची सायकल दिसली की मी दाराआड व्हायची. आज ती मुलगी समोर आली तर मी तिला दोन चापट्या मारीन आणि मग जवळ घेऊन गूळपाणी देईन. तेव्हा यातलं काहीच कोणी केलं नाही, म्हणून मी गावात एक देव तयार करून बसले.

आमचं गाव नेरच्या रस्त्यावर. गावात चावडी, चावडीपुढं कडुनिंब आणि निंबाखाली एक काळा दगड, माझ्या छातीइतका उंच. पहिल्या जर्मन लढाईनंतर गोऱ्या सरकारनं तो उभा केला होता. गावातून जे लढाईवर गेले त्यांची नावं त्यावर कोरलेली, आणि जो परत आला नाही त्याच्या नावापुढं फुली. फुली एकच होती, आणि ती आमच्या घरची. माझ्या सासऱ्यांचे वडील. बसऱ्याकडं कुठंसे गेले आणि तिकडंच राहिले. सासरे स्वतः दुसऱ्या लढाईत ब्रह्मदेशात जाऊन आले होते, पण त्या खेपेला दगडावर कोणी काही कोरलं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. म्हणायचे, "बरं हाय. नाव कोराचं म्हणजे फुलीची जागाबी ठेवा लागते."

आमचे हेसुद्धा फौजेतच. लग्नाला आले, रजा संपेपर्यंत राहिले आणि गेले. चेहरा पाठ व्हायच्या आत गेले असं म्हटलं तरी चालेल, कारण मी मान वर करून बघितलंच कुठं होतं? पाय मात्र मला पक्के ठाऊक होते. जेवायला वाढताना तेवढेच दिसायचे. रुंद पंजा, लांब अंगठा, टाचेला भेग. चीनच्या सरहद्दीवर माझा नवरा नव्हता, माझ्या लेखी तिथं ते दोन पाय उभे होते.

बासष्ट सालच्या दसऱ्याला त्यांची पत्रं यायची थांबली. मग लढाई लागली. चावडीसमोरच्या पानठेल्यावर रेडिओ होता. पुरुष तिथं घोळका करून ऐकायचे आणि आम्ही बाया डोक्यावरची चुंबळ नीट करायचं निमित्त काढून थांबायचो. माझी चुंबळ त्या दिवसांत फार वेळा सुटायची. रेडिओवाला अशा गावांची नावं घ्यायचा की ऐकूनच थंडी भरावी, आणि आपली माणसं मागं आली की पुढं गेली ते मला एकदाही कळलं नाही.

घरात मी एकटीच. सासू माझ्या लग्नाआधीच वारली होती. सासरे, म्हणजे मामाजी, ज्वारीची जागल करायला शेतातल्या खोपडीत राहायचे, कारण रानडुकरं उभं पीक लोळवत होती. मी दुपारी भाकर घेऊन जायची आणि परत यायची. रात्री सोबतीला शेजारची बुढी मावशी यायची. सोबत कसली, ती भीतीची दुकानदारीणच होती.

"तिकडं बरफात माणूस उभ्या उभ्या लाकूड होते म्हंते," ती पांघरुणात शिरत म्हणायची.

"कोण म्हंते?"

"सारेच म्हंतेत. तू झोप वं. तुह्या नवऱ्यानं आंगात काही घातलं असनच की."

आणि ती घोरायला लागायची.

मागायला तरी जावं तर कोणाकडं? मामाजींनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव टोपलीत घालून नदीला सोडून दिले होते. मी माहेरीसुद्धा तेच बघितलं होतं. प्रतिज्ञा मलाही तोंडपाठ होत्या. घरात बुद्धाची मूर्ती होती, पण पहिल्याच आठवड्यात मामाजींनी मला बजावलं होतं, "याच्याकडं मांगाचं नाई काही. हा देणारा नाई, सांगणारा हाय." मला सांगणारा नको होता. मला कोणी तरी देणारा पाहिजे होता, आणि तोही लवकर.

एक दिवस पाण्याला जाताना त्या काळ्या दगडापाशी पाय थांबले. फुलीवर नजर गेली आणि माझ्या सुपीक डोक्यात वीज चमकली. देवापुढं हात जोडायचे नाहीत, कबूल. पण हा देव कुठाय? हा तर आजेसासरा आहे. सासऱ्याच्या पाया पडलेलं चालतं, मग त्याच्या बापाच्या का चालू नये? शिवाय हा लढाईवर गेलेला माणूस. याला तिकडची वाट माहीत. आपल्या नातवाकडं हा बघणार नाही तर कोण बघेल?

इतकं बिनचूक गणित मी शाळेत कधी केलं असतं तर चौथीत नापास झाले नसते.

पाया पडले. पण नुसतं पाया पडून भीती जाईना. माझ्या आजीला मी गावच्या म्हसोबाला शेंदूर लावताना पाहिलं होतं. लाल लावलं की काम होतं, एवढं डोक्यात पक्कं. आमच्या घरात शेंदूर कुठून असणार? पण पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचा हिंगूळ त्यांच्या कोठ्यात उरला होता. तो घेतला, जवसाच्या तेलात कालवला आणि दुसऱ्या दिवशी घागरीआड अंगठा लपवून नेला. आजेसासऱ्याच्या नावावर एक टिळा टेकवला. घाई अशी केली की टिळा फुलीवर कमी आणि शेजारच्या नावावर जास्त गेला.

त्या रात्री मला झोप लागली. झालं, तिथंच चुकलं सगळं. झोप लागली म्हणजे टिळा लागू पडला. मग रोजचा नेम सुरू झाला. रेडिओची बातमी वाईट वाटली की टिळा मोठा. मावशीनं काही नवं सांगितलं की दोन टिळे. थोड्याच दिवसांत आजेसासऱ्याचं नाव दिसेनासं झालं, आणि शेजारचे दोघे, जे बिचारे धडधाकट परत येऊन म्हातारे होऊन मेले होते, तेही लाल झाले.

लाल दगड आणि निंबाचं झाड, आमच्या भागात एवढं पुरे असतं. आधी कोणी तरी फूल ठेवलं. मग उदबत्ती आली. दिवाळीत तर दगडापुढं पणत्या लागल्या आणि बाहेरगावच्या बाया विचारायला लागल्या की हा देव नवसाला पावतो का. पानठेल्यावर लोक म्हणू लागले, चावडीपुढचा देव जागा झाला, लढाई आहे ना, म्हणून. आता खरा शेंदूर येऊ लागला, वाटीवाटीनं. माझ्या हिंगुळावर थर चढत गेले. मी घाबरले, आणि खूशही झाले. म्हटलं, एवढं सगळं गाव लावतंय तर आमच्या यांचे पाय नक्की शाबूत असतील.

दिवाळी उलटली तशी एक दिवस सकाळी गेले, तर दगडाभोवती सारवून रांगोळी घातलेली. गावातल्या वकिलीणबाई ओल्या केसांनी प्रदक्षिणा घालत होत्या. त्यांचा मुलगा फौजेत डॉक्टर होता, तोही तिकडंच. बाईंच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी अंगठा बाहेर काढून जवळ गेले तशा त्या थांबल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "बाई, तू आता लांबूनच कर हं. जागृत स्थान आहे. सोवळं सांभाळावं लागतं."

मी काय केलं असेल? "हो बाई," म्हणाले आणि मागं सरले. माझ्याच आजेसासऱ्यापासून.

मारुतीच्या देवळाच्या पायरीला आमच्या लोकांनी कधी हात लावला नव्हता, पण या दगडाला पाठ टेकून मामाजी लहानपणी बोरं खायचे. आमची शेळी त्याला अंग घासायची. तो दगड होता तोवर आमचा होता. मी त्याला देव केलं आणि तो आमच्या हातातून गेला. हे आज कळतं. त्या घटकेला मला राग आला नाही की लाज वाटली नाही. मनात एवढंच आलं, की आजचा टिळा राहिला, आता यांचं काय होणार. लांबून कर म्हणाल्या म्हणून मी लांबून केलं. हिंगुळाचं बोट दगडाच्या दिशेनं झटकलं. एक थेंब रांगोळीत पडला, बाकीचे माझ्या लुगड्यावर.

दुपारी शेतात भाकर नेली, तर मामाजी लुगड्याकडं बघत बसले.

"बैलायच्या शिंगाले रंग लावून राह्यली का वं, कापसाच्या दिवसात?"

"हो मामाजी."

त्यांनी भाकर मोडली. जेवायला लागले. मी मात्र घरी येईपर्यंत दोनदा ठेचाळले.

मग रेडिओवर आलं की तिकडचा गोळीबार थांबला. गावात लोक एकमेकांना सांगत सुटले. बाजाराचा दिवस होता. मामाजी खबर ऐकायला शेतातून उठून थेट चावडीवर गेले, आणि कित्येक आठवड्यांनी त्यांनी तो दगड पाहिला. घरी आले ते ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. घेतलं नाही.

"आपला हिंगूळ कुठी हाय?"

"सरला मामाजी."

"कसा सरला? बैल त दोनच हायेत."

मी तांब्या खाली ठेवला. रडत रडत सगळं सांगितलं. पत्र नाही, मावशी असं म्हणते, बरफात माणूस लाकूड होतो, सगळं.

"प्रतिज्ञेत काय म्हटलं होतं?"

"देव मानाचा नाई म्हून."

"मंग?"

"मी देवाले नाई लावलं मामाजी. आजेसासऱ्याले लावलं."

त्यांच्या मिशा हलल्या. हसू आलं की काय, मला कळलं नाही. मग ते अंगणाकडं बघत म्हणाले, "माहा बाप गेला तवा मी लेकरू होतो. मायनं मरीमायले बकरा बोलला. देवी इसरन म्हून आगाऊच देऊन टाकला. बकराबी गेला न् बापबी गेला." तांब्या उचलून पाणी प्याले आणि म्हणाले, "तुले रागवून का करू? भेव वाटते त माणूस काहीबी करते. चाल, रडू नको."

इथं मी गप्प बसले असते तर प्रकरण मिटलं असतं. पण मला वाटलं, माफी मिळतेच आहे तर सगळं सांगून मोकळं व्हावं. म्हणाले, "आता तसंही मले जवळ जाऊ देत नाईत. लांबून कर म्हंतेत."

मामाजी उठले.

"बादली घे," म्हणाले. "राख घे. नारळाची शेंडी घे."

मला कळलं. मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, "मामाजी, पत्र येऊ द्या, मंग धुवा. एक पत्र येऊ द्या." त्यांनी पाय सोडवून घेतले आणि बादली स्वतःच उचलली. मग मी तांब्या घेऊन मागं निघाले. सासरा बादली वाहतो आणि सून मोकळी चालते, असं बाजारात दिसायला नको, एवढी अक्कल भीतीतही शिल्लक होती.

चावडीपुढं बाजार भरलेला. वांगी, मिरच्या, अंबाडीच्या जुड्या, आणि लोकच लोक. मामाजींनी धोतर वर खोचलं आणि पणत्या, फुलं, उदबत्त्या एकेक करून उचलून निंबाच्या बुडाशी नीट ठेवल्या. फेकलं काहीच नाही. मग म्हणाले, "वत पाणी."

माझा हात हलेना. मला स्पष्ट दिसत होतं, इकडं पाणी पडलं की तिकडं बरफात ते दोन पाय कोसळणार.

घोळक्यातून कोणी तरी म्हणालं, "ए बुढ्या, देवाले हात कायले लावतं?"

"देव नाई. माहा बाप हाय," मामाजी मान वर न करता म्हणाले. "बापाचं तोंड धुवाले कोनाले इचारू?"

कोणी मागं हटलं नाही. माणसं जवळ जवळ येत होती. मला वाटलं आता पहिला दगड येईल. आमच्या दोघांना मारतील आणि बादली उपडी करतील. तेवढ्यात वकिलीणबाई घोळक्यातून पुढं आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"अहो, नका करू असं," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा तिकडं आहे."

मामाजींनी तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. "माहाबी तिकडंच हाय, बाई," ते म्हणाले.

बाईंनी पदर तोंडावर धरला. गेल्या मात्र नाहीत. तशाच उभ्या राहिल्या, आणि त्या उभ्या आहेत म्हणून बाकीचेही जागेवर राहिले.

"वत," मामाजी म्हणाले.

मी ओतलं. प्रत्येक तांब्याला डोळे मिटून मनातल्या मनात यांना म्हणत होते, मान खाली घाला, आता पाणी पडतंय, मान खाली घाला. गोळीबार थांबल्याचं मीही ऐकलं होतं, पण माझा त्यावर विश्वास नव्हता.

वरचा शेंदूर लवकर निघाला. लाल पाणी वाहत बाजारात गेलं आणि मिरच्यावालीनं आपलं पोतं मागं ओढलं. पण खालचा हिंगूळ काही केल्या निघेना. जवसाचं तेल वाळलं की दरवाजाच्या रंगासारखं धरून बसतं, हे मला कोण सांगणार? मामाजी राख घासत होते, शेंडी घासत होते, शेवटी विटेचा तुकडा घेतला. घाम गाळत म्हणाले, "बैल बदलतीन, पण तुहा रंग नाई जाणार." मागं कोणी तरी फिस्सकन हसलं, आणि तिथून बाजार पुन्हा हळूहळू बाजार झाला. नावं वर आली. फुली मात्र खोल होती. तिच्यातला लाल निघाला नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते लिहायचं तर भीती हा एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहावा लागेल. कापूस वेचताना बोंडाचे काटे बोटांत शिरायचे आणि मला कळायचं नाही. पोस्टमन रस्त्यानं जायचा. तो थांबला नाही तरी भीती, आणि थांबला असता तर त्याहून जास्त. मावशी म्हणायची, "धुवाचं नव्हतं वं तुम्ही." मामाजी आता शेतातून रोज संध्याकाळी गावात यायचे. मला वाटे, माझ्यासाठी येतात. एकदा मागून गेले तर ते पोस्टाच्या बंद दारापुढं उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. मला बघून दचकले. मग म्हणाले, "मलेबी भेव वाटते, पोरी." बाजारात विटेनं दगड घासणारा माणूस हाच का, म्हणून मी बघतच राहिले. आम्ही दोघं घरी आलो, वाटेत दगड लागला, दोघांनीही त्याच्याकडं पाहिलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास हे आले. पत्र नाही, तार नाही, दुपारच्या एस.टी.तून उतरले. मी शेताच्या धुऱ्यावर कापसाचं ओझं बांधत होते. लांबून मला आधी चाल दिसली, आणि ती चाल माझ्या ओळखीची नव्हती. काठी टेकत, एक पाय उचलून ठेवत माणूस येत होता. मामाजींनी मला न सांगता पळायला सुरुवात केली. मी जागीच बसले.

घरी आल्यावर यांनी बूट काढला. उजव्या पायाची दोन बोटं नव्हती. बरफानं नेली, म्हणाले. एवढे दिवस दवाखान्यात होते. हात बधिर होते म्हणून लिहिता आलं नाही, आणि दुसऱ्याकडून बापाला काय लिहवून घ्यायचं, म्हणून लिहवलं नाही.

मी त्या पायाकडं बघितलं आणि हंबरडा फोडला. "माह्यानं झालं," म्हटलं. "मी पाणी वतलं. दोन बोटं माह्यानं गेली."

यांना काहीच समजेना. वर्षभरानं बायको पहिल्यांदा मान वर करून बोलत होती, आणि हे असलं. मामाजींनी मला गप्प केलं आणि मुलाला विचारलं, "बोटं कई गेली रे?"

"दिवाळीच्या टायमाले."

मामाजी हुक्का भरत होते. ते काम त्यांनी पुरतं केलं, मग माझ्याकडं वळले.

"दिवाळीले त तुह्या देवावर बोटभर थर होता," ते म्हणाले. "तवाच त लय जाड होता."

हे माझ्याकडं बघायला लागले, मी जमिनीकडं. मग यांना सगळं सांगावं लागलं. हे इतके हसले की त्यांचा पाय दुखायला लागला. मी हसले नाही. माझं गणित अजून जुळत नव्हतं. सगळं गाव शेंदूर लावत होतं तेव्हा बोटं गेली, आणि मी धुऊन टाकल्यावर बाकीचा माणूस परत आला, याचा हिशेब कसा मांडायचा? वकिलीणबाईंचा मुलगाही उन्हाळ्यात आला, धडधाकट. त्याचं श्रेय बाईंनी कोणाला दिलं ते मला माहीत नाही, पण दगडाला त्यांनी पुन्हा प्रदक्षिणा घातली नाही.

रजा संपली. यांना आता सरहद्दीवर नव्हे, सामानाच्या डेपोत काम मिळणार होतं, पण मला तेवढा फरक कळत नव्हता. फौज म्हणजे फौज. सकाळी आम्ही तिघं एस.टी.ला निघालो. चावडीपाशी हे थांबले. आजोबाच्या नावावरून बोट फिरवलं, लाल फुलीपाशी आल्यावर माझ्याकडं बघून डोळे मिचकावले, आणि पुढं चालू लागले, एक पाय उचलून ठेवत.

एस.टी. नेरच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि तीच जुनी भीती परत आली. मामाजींनी रस्त्याकडं पाठ केली. मग म्हणाले, "हात दाखव."

मी दोन्ही हात पुढं केले. हिंगूळ लागलाय का म्हणून त्यांनी अंगठे उलटसुलट करून पाहिले. कोरडे होते. कापत होते, पण कोरडे होते. मग त्यांनी स्वतःचे हातही मला दाखवले, तेही तसेच होते, आणि आम्ही घरी आलो.